पालथा पंख

विमान उडण्यासाठी असते, हा एक शहरी गैरसमज आहे. शहापूरहून मुरबाडला जाताना किन्हवली मागे पडली की रस्त्याकडेला कमळाकर शेठचे भातखाचर लागते. तिथे पौष महिन्यात जे विमान येऊन टेकले, ते पनीर चिली आणि चायनीज भेळ विकण्यासाठी आले होते. आयुष्यभर ज्या ढगांतून ते गेले, त्या ढगांचा आता आतल्या भिंतींवर कागद चिकटवला जाणार होता.

शेठ ही पदवी कमळाकरांना महामार्गाने दिली. डोंगरउतारावरची त्यांची वरकस जमीन, जिच्यात नाचणीसुद्धा नाइलाजाने उगवत असे, एके दिवशी सरकारी नकाशातल्या जाड रेषेखाली सापडली आणि गावाने त्यांना कमळू म्हणणे सोडून दिले. मग त्यांनी लिलावात एक निवृत्त विमान घेतले. धड एका ट्रेलरवर आले, शेपूट दुसऱ्यावर आणि दोन्ही पंख तिसऱ्यावर, देवळाच्या उतरवलेल्या दारांसारखे एकावर एक. धसईच्या बाजाराला निघालेल्या माणसांनी भाजीची पोती रस्त्यात टेकवून ती मिरवणूक पाहिली. आभाळात असताना हे धूड गावाच्या खिजगणतीत नव्हते. जमिनीवर येऊन निकामी झाल्यावर त्याला नारळ फुटला.

उजवा पंख माघाच्या थंडीत बसला. कल्याणच्या सुयोग नावाच्या ठेकेदाराने दोन माणसे पंखाच्या पोटात घातली. त्यांनी आतून नट धरले, सुयोगने बाहेरून, खांबांवर टेकवायच्या बैठकांचे, बोल्ट आवळले. दोघे डोकेदुखी घेऊन बाहेर आले आणि चहा पिऊन बरे झाले. काहीही घडले नाही. आपल्याकडे काहीही न घडणे हाच सुरक्षेचा सर्वांत मोठा दाखला असतो. त्यावर सही-शिक्काही लागत नाही.

डावा पंख राहिला, कारण ती दोन माणसे शिमग्याला गावी गेली ती परतलीच नाहीत. बांधालगत लाकडी ओंडक्यांवर तो पालथा पडून होता. पोट आभाळाकडे आणि पोटावर ओळीने लंबगोल झाकणे, स्क्रूंनी घट्ट बसवलेली. विमानाचे तेल पंखातच असते, ही गोष्ट गावाला पहिल्याच आठवड्यात नाकाने कळली होती. सांध्यातून दोन दिवस तेल ठिबकले. रेशनचे रॉकेल बंद होऊन इतका काळ लोटला होता की त्या वासाने कित्येक बायकांना माहेर आठवले. बाटल्या आल्या, कॅन आले, एकीने तर कळशी आणली. तिसऱ्या दिवशी ठिबकणे थांबले आणि टाकी रिकामी झाल्याचे सर्वानुमते ठरले. मग चैत्र आला. दुपारी पंखावर बसलेला कावळा दुसऱ्या क्षणी उडू लागला. अक्षय्य तृतीयेचे उद्घाटन चार दिवसांवर येऊन ठेपले.

कमळाकरांच्या चुलत भावाची मुलगी दर्शना आसनगावला राहत असे आणि विमानतळाजवळ विमाने दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत कामाला जात असे. 'विमानतळावर कामाला' एवढ्या दोन शब्दांच्या मजकुरातून नातेवाइकांनी आपल्याला हवे ते चित्र रंगवून घेतले होते: गळ्यात रुमाल, ओठांवर लाली, हातात ट्रे. प्रत्यक्षात दर्शना चार वर्षे एका भोकाशेजारी बसत होती. टाकी दुरुस्त करायला एक माणूस झाकणाच्या भोकातून आत सरपटतो आणि दुसरा बाहेर बसून दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारतो. आतून ओ आली की वहीत वेळ लिहायची; ओ आली नाही तर त्याला बाहेर ओढायचे. दर्शना ही बाहेरची. जगातल्या कुठल्याही कवीपेक्षा अधिक वेळा तिने अंधाराला 'आहेस का?' असे विचारले होते आणि कवींच्या वाट्याला सहसा न येणारी गोष्ट तिच्या वाट्याला आली होती: अंधाराने दर वेळी उत्तर दिले होते.

त्या रविवारी काकांनी तिला बोलावले ते टाकीसाठी नव्हे. उद्घाटनाला विमानाच्या दारात उभे राहून तिने पाहुण्यांना हात जोडावेत, म्हणून तालीम होती. नायलॉनची निळी साडी शिवलेल्या ब्लाऊजसह तयार होती. दर्शना आली तेव्हा सुयोग पालथ्या पंखावर उभा राहून एका झाकणाचे स्क्रू काढत होता. झाकण सुटले, आणि वास तिच्यापर्यंत खाचर ओलांडून आला. तिने पंखाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

ती काकांकडे गेली आणि तिने सर्व समजावून सांगितले, सावकाश, कंपनीत नव्या माणसांना सांगतात तसे. भरलेल्या टाकीला फारसे भ्यायचे कारण नसते, कारण तिच्यात हवेला जागा नसते. भीती रिकाम्या टाकीची. तळाशी, कोपऱ्यांत, जोडांच्या खोबणीत थोडे तेल राहतेच. थंडीत ते निपचित असते. तापमान अडतीस अंशांपुढे गेले की त्याची वाफ हवेत मिसळते, आणि मग एक ठिणगी पुरते. ड्रिलची, मोबाइलची, नायलॉनच्या कपड्याची. कंपनीत आधी सगळी झाकणे उघडून दिवसभर हवा सोडतात, मीटरने वाफ मोजतात, आणि मीटरने हो म्हटल्याशिवाय कुणी बोटही आत घालत नाही.

कमळाकरांनी सर्व ऐकून घेतले. मोठ्या माणसांचे ऐकून घेणे हे उन्हातल्या पाटाच्या पाण्यासारखे असते. वाहताना दिसते, पोचत कुठेच नाही.

"रिकामी टाकी पेटली असती ना गो, तं आपल्या गावातली रिकामी डोकी कवाच पेटली असती," ते म्हणाले. "तू साडी नेस. उद्घाटनाच्या साहेबांचा मानूस फोटो काढाया येनार हाय."

सुयोगने तर प्रयोगच केला. शेठच्या घरातल्या माठाशेजारी ठेवलेल्या बाटलीतून त्याने विमानाचे तेल वाटीत ओतले, काडी पेटवून आत टाकली. काडी चुर्र करून विझली. गार तेलाने ती विझणारच, पेटते ती वाफ, असे दर्शना सांगत होती. पण डोळ्यांसमोर विझलेल्या काडीपुढे पुस्तकातल्या वाफेचा काय पाड? टाळ्या पडल्या. विज्ञान सिद्ध झाले.

आता आत उतरणारा माणूस तेवढा हवा होता आणि तो सापडलाही होता. डोंगराकडच्या वाडीवरचा शाम हा आसपासच्या वीस गावांच्या विहिरी उपसणारा माणूस. अंगाने बारीक, भोकातून सहज जाणारा. भोक, अंधार आणि तळ, एवढी साधनसामग्री जिथे असेल तिथे शामला बोलवावे, असा सुयोगचा हिशेब.

शाम दोर आणि कंदील घेऊन आला. त्याने पंखाला फेरी मारली, भोकाच्या कडेवर वाकून वास घेतला, तोंड वेंगाडले आणि भोकाची खोली दोराने मापली. दर्शना पाहत राहिली. सकाळपासून या खाचरात भेटलेला हा पहिला माणूस, जो आत जाण्याआधी आत काय आहे याचा विचार करत होता. तिला त्याच्याविषयी अचानक एक जवळीक वाटली, एकाच शाळेत वेगवेगळ्या वर्षी शिकलेल्यांना वाटते तशी. मग तिचे लक्ष कंदिलाकडे गेले.

"शामदादा, कंदील कशाला?"

"हवा बघाया. आधी दिवा सोडायचा. दिवा जगला तं मानूस जगतो. इझला तं उतरायचा नाय. बा सांगून गेला."

जुन्या विहिरीच्या तळाशी मुकी, विषारी हवा साचते. तिथे ज्योत विझते. तिथे हे ज्ञान खरे होते, कुठल्याही मीटरइतके खरे. याच कंदिलाने शामला तीस वर्षे जिवंत ठेवले होते आणि तोच आता त्याला दहा मिनिटांत मारणार होता. पूर्ण खाचरात सावध माणूस एकच, आणि मरण त्याच्या सावधपणाच्या दोरानेच उतरणार होते.

"विहिरीत दिवा विझतो," दर्शना म्हणाली. "इथे विझणार नाही. दिवा भोकाशी गेला की पंख फुटेल, आणि तुम्ही वर वाकलेले असाल."

"फुटंल कसा? रिकामा हाय ना?"

"रिकामा आहे म्हणूनच."

शामने कंदील खाली ठेवून तिच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत थट्टा नव्हती. सकाळपासून तेवढेही तिच्या वाट्याला आले नव्हते.

"तू बोलतेस ता खरा असंल, ताई. पन नुसत्या बोलन्यावर मी कवा उतरलो नाय, अन् नुसत्या बोलन्यावर थांबलो पन नाय. दिवा सांगंल ता आयकायचा."

नुसत्या बोलण्यावर तीही कुणाला आत सोडत नसे. तिचा दिवा म्हणजे ते मीटर. ते कंपनीच्या कपाटात कुलपाआड होते. न उतरण्याविषयी तिने सुचवून पाहिले. त्यावर शामने जे सांगितले तेही बिनतोड होते: तो नाही उतरला तर शेठ दुसऱ्याला उतरवतील, आणि तो दुसरा कंदीलही लावणार नाही.

वारा होता म्हणून शाम कंदील पेटवायला आंब्याखाली गेला. ते झाड पंखापासून तीस पावलांवर. काकांनी पुन्हा साडीची आठवण केली. सुयोगने ड्रिलची वायर पसरायला घेतली. दर्शनाने मोबाइल बांधावर ठेवला, हातातले कडे काढले, चपला काढल्या. अंगात सुती कुर्ता होता, ही त्या दिवसाची एकमेव तांत्रिक तरतूद. मग ती पंखावर चढली, पत्र्याने तळवे भाजत चार पावले चालली आणि भोकात उतरली.

कंपनीने तिला जे जे करू नकोस म्हणून चार वर्षे बजावले होते, ते सर्व तिने एका उडीत केले. हवा सोडलेली नव्हती, वाफ मोजलेली नव्हती, बाहेर हाक मारणारे कुणी नव्हते. पण भोक एकच उघडे होते आणि त्यात एका वेळी एकच गोष्ट मावत होती: दिवा किंवा ती. आत गुडघे दुमडून ती बसली. कोंदट उकाडा, धातूच्या फासळ्या, आणि डोक्यावर लंबगोल आभाळ, जणू कुणीतरी निळ्या कागदाची अंडाकृती कापून चिकटवली होती.

कंदील घेऊन अर्ध्या वाटेवर आलेला शाम थबकला. आत माणूस असताना वरून दिवा सोडायचा नाही, हाही बापाचाच नियम. तो मागे वळला, कंदील आंब्याखाली ठेवला आणि धावत येऊन पंखावर चढला. कडेवर पालथा पडून त्याने विचारले, हायस का? तिने ओ दिली. सुयोग खालून ओरडत होता, काका कुणाला तरी फोटोवाला आला का ते विचारत होते. शामने पुन्हा विचारले. तिने पुन्हा ओ दिली, पण तो आवाज तिला आपल्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. फासळ्या एकमेकींत मिसळू लागल्या. निळी अंडाकृती हळूहळू दूर गेली, आणि तिसऱ्या हाकेला तिच्याकडे द्यायला काहीच उरले नव्हते.

शामने श्वास रोखला, कंबरेपर्यंत आत वाकला, तिच्या काखांत हात घातले आणि तिला वर ओढले. आंब्याखाली नेऊन तिच्या तोंडावर पाणी मारले. कंदील तिच्या डोक्यापासून हातभर दूर जळत होता. ती खोकली, ओकली, डोळे उघडून बसली.

"ऊन लागला पोरीला," कमळाकरांनी निदान केले. "लिंबूपानी द्या. शाम, तू कंदील घे, नि आटप."

"दिवा इझला, शेठ."

"हा काय समोर जळतोय, रे."

शामने बोट दाखवले ते दर्शनाकडे. "ह्यो दिवा. मी वाकून पायला, दोनदा जळला नि तिसऱ्यांदा इझला. मी नाय उतरनार. नि कोनाला उतरू पन नाय देनार." एवढे बोलून त्याने कंदिलाची काच वर करून फुंकर मारली आणि दोर गुंडाळू लागला.

शाम जिथे उतरत नाही तिथे आसपासच्या वीस गावांत कुणीही उतरत नाही. सुयोगने तीन ठिकाणी माणूस शोधला. अर्ध्या तासात बातमी रस्त्याने दोन्ही बाजूंना गेली आणि परत येताना शहाणी होऊन आली. विमानाच्या पंखात आसरा आहे, असे आता लोक सांगू लागले. विहिरीत आणि डोहात राहणाऱ्या, माणसाला धरणाऱ्या या जलदेवता गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक होत्या. टाकीही एका अर्थी विहीरच; आणि ही तर देशोदेशीचे आभाळ हिंडून आलेली, म्हणजे अधिकच मानी. वाफ कुणाला दिसली नव्हती. आसरा मात्र बऱ्याच जणांना दिसली; एकाला तिचा चेहराही आठवत होता.

आंब्याखाली टाकलेल्या खाटेवर पडल्या पडल्या दर्शनाने हे ऐकले आणि तिला हसू आले. कारण काही का असेना, शाम वाचला होता. अज्ञानाचे उपकार मानण्याइतकी ती थकली होती. डोळे मिटणार, तोच तिला कमळाकरांची बायको, जनीकाकू, दिसली. ती हातात ताट घेऊन पंखाकडे निघाली होती. ताटात नारळ, हळद-कुंकू, उदबत्तीचा पुडा, कापराची वडी आणि तुपाचे, पेटते निरांजन. शाम पुढे होऊन तिच्यासाठी पंखाशी शिडी धरत होता. आसरेने आपल्याला सोडले, तिची ओटी आपल्या हातून भरली जावी, अशी त्याची इच्छा होती.

दर्शना उठली. धडपडत ती काकूच्या आडवी गेली.

"काकू, तिथे आग न्यायची नाही. हिला आग चालत नाही."

"तुला कोनी सांगितला गो?"

वाफेची गोष्ट तिच्या जिभेवर आली होती. अडतीस अंश, ठिणगी, हवेचे प्रमाण. सकाळी हे सर्व सांगून झाले होते आणि त्याची किंमत एका विझलेल्या काडीएवढी ठरली होती.

"तिनेच. आत होते तेव्हा बोलली."

काकूने तिथेच, खाचरात, हाताने ज्योत मालवली. कमळाकर फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी फोन खाली घेतला. शामने शिडी सोडून हात जोडले. चार वर्षांचे शिक्षण, दोन परीक्षा आणि एक तासाची विनवणी यांनी जे साधले नव्हते, ते एका थापेने निमिषात साधले.

"काय बोलली?" काकांनी हळू आवाजात विचारले.

"पाणी मागितलं. पंख काठोकाठ भरा म्हणाली, तेल वर येऊन सांडेपर्यंत. मग कुणाला काही करणार नाही."

यात खोटे फार थोडे होते. टाकी पाण्याने काठोकाठ भरली की वाफेला जागा राहत नाही. वेल्डिंग करणारे जुने लोक तेलाच्या पिंपांना हेच करतात. खोटा होता तो फक्त सांगणारीचा पत्ता. कमळाकरांनी लगेच टँकरवाल्याला फोन लावला, आणि देवाच्या कामाला पाणी नाही म्हणायची टँकरवाल्याची छाती झाली नाही. सुयोगलाही तेवढ्यात आठवले की पंखाला बाहेरून लोखंडी पट्टे घालूनही तो खांबांवर बसवता येतो, आत माणूस घालायची गरजच नाही. ही गोष्ट त्याला सकाळी का सुचली नव्हती, हे विचारण्याचा आगाऊपणा कुणी केला नाही.

टँकर अर्ध्या तासात आला. वाडीकडे वळायच्या फाट्यावरून तो सरळ इकडे आला, आणि त्याच्या मागे मागे, धुळीतून, वाडीवरच्या बायका हंडे घेऊन आल्या. आठवड्यातून एकदा येणारा त्यांचा टँकर होता तो. सकाळपासून त्या फाट्यावर बसल्या होत्या. सर्वांत पुढे शामची बायको गंगी. नवऱ्याला तिने पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतले, सगळा जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि मग ती पाइपाकडे पाहत उभी राहिली.

पाणी पंखात कोसळत होते. ज्या तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, त्या तालुक्यात चैत्राच्या दुपारी एक पंख पाणी पीत होता. भोकातून आधी उसासे आल्यासारखी हवा आली, मग बुडबुडे, मग तेलाची पातळ, सप्तरंगी साय काठावरून ओघळून खाचराच्या भेगांत उतरली. एवढे रंग त्या मातीत याआधी कुणी सांडले नव्हते आणि त्या रंगांत काहीही उगवणार नव्हते. बायका हंडे टेकवून रांगेत उभ्या राहिल्या. देवाचे काम म्हटल्यावर तहानेने शिस्तीत उभे राहावे लागते.

गंगी दर्शनाजवळ आली. "माजा मानूस वाचवलास, बाय," ती म्हणाली. "आता ह्याला प्यायाला काय देऊ, ता पन तुज्या आसरेलाच इचार."

दर्शनाला तिच्याकडे बघवेना. ती टँकरकडे गेली. ड्रायव्हरने बाजूच्या पत्र्यावर हात आपटत आवाज ऐकला आणि अजून निम्मा आहे म्हणाला. पंख काठोकाठ भरला होता. कमळाकरांनी उरलेला निम्मा टँकर विमानाभोवतीच्या नव्या हिरवळीवर सोडायला सांगितला. साहेबांच्या फोटोत ती हिरवी दिसायला हवी होती.

"काका," दर्शना म्हणाली, "तिच्या पाण्यातलं उरलेलं पाणी म्हणजे प्रसाद. तो पायदळी नाही घालायचा. वाडीवर वाटायचा."

कमळाकरांनी हिरवळीकडे पाहिले, भरलेल्या पंखाकडे पाहिले आणि ड्रायव्हरला वाडीकडे हात केला. बायका टँकरमागे निघाल्या. शामने एक हंडा आपल्या खांद्यावर घेतला. कमळाकर मात्र काळजीत पडले होते. पट्टे बसेपर्यंत, उद्घाटन होईपर्यंत, आणि त्यानंतरही, ही आत बसलेली कधी पुन्हा तहानली तर?

"हिला रोज लागंल का गो पानी?" त्यांनी दर्शनाला विचारले.

दर्शना उत्तर जुळवत होती. गंगी चालता चालता वळली.

"पाऊस पडस्तवर, शेठ," ती म्हणाली, आणि रिकामा हंडा कमरेवर नीट बसवून पुढे गेली.